नाव घेऊन, काम सांगून

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांत यंदा एकच विषय वेगवेगळ्या तोंडांनी बोलतोय : हाताखालच्या माणसांचं कौतुक कसं करावं? त्यांतली चार पत्रं इथे घेतो. सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी सांगतो. कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मी बत्तीस वर्षं काढली. सुपरवायझर म्हणून लागलो, वर्क्स मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. माझी उत्तरं बहुतेक तिथल्या धुरातूनच आलेली असतात.

प्रश्न : सातपूरला आमचं मशीन शॉप आहे. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलं, आज बेचाळीस माणसं आहेत. दोन वर्षांपासून कारभार मी बघतो. लोकांना बरं वाटावं म्हणून ‘महिन्याचा उत्कृष्ट कामगार’ सुरू केला. गेटजवळच्या फळ्यावर फोटो आणि हजार रुपयांचं कूपन. पहिले तीन महिने टाळ्या वाजल्या. आता लोक एकमेकांना ‘पुढच्या महिन्यात तुझा नंबर’ म्हणून हसतात. परवा आमच्या सगळ्यात जुन्या फिटरनी, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो, फोटो काढू दिला नाही. “मला नको रे बाळा, दुसऱ्या कुणाचा तरी लाव,” एवढंच म्हणाले. मनापासून केलेली गोष्ट अशी वाया का गेली?

उत्तर : काकांनी नकार देतानाही तुम्हाला ‘बाळा’ म्हटलंय, हे आधी ध्यानात घ्या. त्यांचा राग तुमच्यावर नाही, त्या फळ्यावर आहे.

एक शाफ्ट, म्हणजे यंत्रात फिरणारा दांडा, तुमच्या शॉपमध्ये किती हातांतून जातो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कापणारा, लेथवाला, चावीगाळा मारणारा, ग्राइंडिंगवाला आणि शेवटी मायक्रोमीटर लावून पास करणारा. लेथवाल्यानं ग्राइंडिंगसाठी पाव मिलिमीटर सगळीकडे सारखं सोडलं असेल, तरच पुढच्याचं काम सुरळीत होतं. या पाचांतला एक उचलून फळ्यावर लावला की उरलेले चार काय समजतात? आणि ज्याला उचललं, त्याला उद्या त्या चौघांबरोबरच डबा खायचा असतो. तीस-पस्तीस वर्षं काम केलेल्या माणसाला हा अवघडपणा बरोबर कळतो.

दुसरी गोष्ट. तुमच्या पत्रात फोटो आहे, कूपन आहे, पण कशाबद्दल ते कुठेच नाही. फळ्यावरही नसावं. कारण कळलं नाही की माणसं आपापसांत पाळी लावून मोकळी होतात, पंगतीत वाढप फिरावं तशी. म्हणून ते हसतात. त्यात खोट नाही, त्यांनी तुमची योजना बरोबर ओळखली आहे.

आता माझी एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आजही जड जातं.

१९९७ चा पावसाळा. पंपाच्या केसिंगमध्ये, म्हणजे त्याच्या बाहेरच्या लोखंडी कवचात, ब्लो होल, वाफेनं पडणारी भोकं, येत होती. शंभर नगांत अकरा-बारा भंगारात. आम्ही वाळू तपासली, ओतण्याचं तापमान तपासलं, गेटिंग, म्हणजे साच्यात लोखंड शिरायच्या वाटा, बदलून बघितलं. ओतीव भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा घट्ट गाभा ठेवतात, त्याला कोअर म्हणतात. त्या बनवणाऱ्या कोअर शॉपमध्ये एक मामा होते, सातवीपर्यंत शिकलेले. एका सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी ते मला म्हणाले, “साहेब, रातच्या कोअर दाराजवळ ऱ्हात्यात. हात लावून बघा, गार लागत्यात.” सोडियम सिलिकेट घालून घट्ट केलेल्या कोअर पावसाळी हवेत ओल धरतात, ती ओल तापलेल्या लोखंडात वाफ होऊन फुटते. पुस्तकात हे मी वाचलं होतं. हात लावून बघितलं होतं मामांनी. त्यांनी स्वतःच रॅक ओढून ओव्हनच्या अंगाला नेला. पंधरा दिवसांत भंगार तीन-चार नगांवर आलं.

पुढच्या जानेवारीत कंपनीचं स्नेहसंमेलन झालं. व्यासपीठावरून या सुधारणेचं श्रेय मेथड्स विभागाला, म्हणजे ओतकामाची पद्धत ठरवणाऱ्यांना, दिलं गेलं. विभागाच्या साहेबांना शाल मिळाली. मामा तिसऱ्या रांगेत बसले होते. मी दुसऱ्या. मला उठून दोन वाक्यं बोलता आली असती. मी बोललो नाही. वरिष्ठांसमोर कसं बोलायचं, असा विचार केला.

मामांनी काम सोडलं नाही, तक्रार केली नाही, एक खाडाही केला नाही. त्यांनी फक्त सांगणं बंद केलं. हे मला दोन वर्षांनी कळलं. नवा ओव्हन आला तेव्हा त्याचं तोंड आम्ही चुकीच्या बाजूला करून बसवलं. प्रत्येक ट्रॉली उलटी फिरवून न्यावी लागायची आणि कोअरच्या कडा तुटायच्या. महिन्यानं ते माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, “मामा, तुम्हाला दिसलं नव्हतं का?” ते म्हणाले, “दिसलं की. इचारलं कुठं कुणी?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या आधी कोअर शॉपमधल्या सगळ्यांना थांबवलं आणि १९९७ साली काय झालं होतं ते जसंच्या तसं सांगितलं. रॅक कुणी हलवला, शाल कुणाला मिळाली, मी गप्प कसा बसलो. मामा खाली बघून वाळू थापत राहिले. मग मी प्रोसेस शीट, म्हणजे काम कसं करायचं ते लिहिलेला कागद, नव्यानं काढलं. त्यात बदल नोंदवायचा एक रकाना असतो. तिथे लिहिलं, ‘कोअर रॅक ओव्हनलगत ठेवणे’ आणि पुढे ‘सूचना’ म्हणून मामांचं पूर्ण नाव. क्वालिटीवाल्यांनी कुरकुर केली, कंट्रोल्ड, म्हणजे मंजुरीशिवाय न बदलायच्या, कागदावर नाव कशाला म्हणून. मी ते राहू दिलं. तो कागद तिथे आठ वर्षं लटकत होता. ग्राहकाचे ऑडिटर आले की मी मामांनाच समजावून सांगायला लावायचो. ऑडिटच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं असं. ‘उत्कृष्ट कामगार’ बंद करा, आणि गुपचूप नको. सगळ्यांना उभं करून सांगा की ही कल्पना माझी होती, नीट जमली नाही, थांबवतोय. मालकाच्या मुलानं एवढं बोललेलं लोक विसरत नाहीत.

मग रोज वीस मिनिटं शॉपमध्ये जा. फोन ऑफिसात ठेवा. खिशात छोटी डायरी ठेवा आणि जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच त्यात लिहा. “खूप छान चाललंय” हे वाक्य बेचाळीस जणांना सारखंच लागू पडतं, त्यामुळे ते कुणाच्याच पदरात पडत नाही. “काल दुसऱ्या पाळीत इन्सर्टच्या कापण्याचा आवाज बदलला म्हणून तू मशीन थांबवलंस. मी पुढचे शाफ्ट मोजून बघितले, सगळे मापात आहेत” हे वाक्य त्या एकाचंच असतं. ते त्याच दिवशी, त्याच्या मशीनपाशी जाऊन बोला. महिन्याअखेरीसाठी साठवू नका.

सूचनापेटी लावायची असेल तर एका अटीवर लावा : प्रत्येक चिठ्ठीला उत्तर मिळालं पाहिजे, नकार असला तरी कारणासकट. टोयोटानं १९५१ साली कामगारांच्या सूचनांची पद्धत सुरू केली आणि ती रुजली. आपल्याकडे बऱ्याच गेटांवर मी गंजलेल्या पेट्या बघितल्या आहेत. त्यांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत हेही कुणाला माहीत नसतं. तशी पेटी लावण्यापेक्षा न लावलेली बरी.

काकांचं वेगळं आहे. त्यांना फोटो नकोय, त्यांना बहुधा तुम्ही विचारायला हवे आहात. पुढचं मशीन घ्यायच्या आधी त्यांना मशीनच्या आयमटेक्स प्रदर्शनाला बंगळुरूला घेऊन जा. तुमच्याबरोबर, तुमच्याच गाडीत किंवा रेल्वेच्या डब्यात. कोणत्या स्टॉलवर ते जास्त वेळ थांबतात ते बघा. परत आल्यावर त्यांचं मत न पटून दुसरं मशीन घेतलंत तरी चालेल, पण का घेतलं ते आधी त्यांना सांगा. आणि खंडेनवमीला मशीनची पूजा त्यांच्या हातून, काकूंना बोलावून करा. काकूंनी कदाचित ते मशीन कधी बघितलंच नसेल. काका ते चालू करून दाखवतील तेव्हा तुम्ही बाजूला उभे राहा, मध्ये बोलू नका.

प्रश्न : सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मी शिलाई विभागाची सुपरवायझर आहे. हाताखाली अडतीस बायका. सप्टेंबरात निर्यातीची ऑर्डर जाताना त्या तीन रविवार येऊन गेल्या. दिवाळीला मालकांनी बोनसच्या पाकिटावर ‘आपल्या कष्टांबद्दल कृतज्ञतेची भेट’ असं छापून घेतलं. बायकांनी पाकिटं घेतली आणि गुपचूप घरी गेल्या. मालक मला विचारतात, ‘यांना केलेल्याची किंमत का नाही?’ मी काय सांगू?

उत्तर : ताई, बायकांना किंमत कळते. म्हणूनच त्या गप्प राहिल्या. बोनस ही भेट नाही, हे त्यांना माहीत आहे.

हा वाद शंभर वर्षांचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी बोनस द्यायला सुरुवात केली. धंदा जोरात होता. मग १९२३ चा बोनस द्यायला मालकांनी नकार दिला आणि १९२४ च्या सुरुवातीला सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर गेले. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिनं सांगितलं की कामगारांना बोनसचा कायदेशीर हक्क नाही. म्हणजे ती मालकांची मर्जी. ती मर्जी हक्कात बदलायला १९६५ उजाडलं, बोनसचा कायदा झाला. सुरुवातीला किमान चार टक्के होता, पुढे ८.३३ झाला, म्हणजे बारा महिन्यांमागे एक महिन्याचा पगार. कमाल वीस टक्के. एवढ्या झगड्यानं हक्क झालेल्या पैशावर कुणी ‘भेट’ छापलं, तर वाचणारीला ते टोचणारच. तिच्या सासऱ्यांनी कदाचित तिथल्याच एखाद्या बंद पडलेल्या गिरणीत काम केलेलं असेल.

मालकांना हे भांडून सांगू नका. एवढंच म्हणा की पुढच्या वर्षी पाकिटावर हिशेब छापू या : किती दिवस भरले, किती मजुरी झाली, त्यावर किती टक्के. आणि वसुबारसेच्या संध्याकाळी न देता आठ-दहा दिवस आधी देऊ या, म्हणजे पोरांचे कपडे उधारीवर घ्यावे लागणार नाहीत.

कृतज्ञता त्या तीन रविवारांबद्दल दाखवा. पण त्याआधी एक तपासा : त्या रविवारांची बदली सुट्टी आणि जादा कामाचे दुप्पट पैसे मिळाले का? १९४८ च्या कारखाना कायद्यापासून दुप्पट दराचा नियम आहे. ते थकलं असेल तर आभाराचा एक शब्दही बोलू नका, आधी पैसे द्यायला लावा. सगळं चुकतं झालं असेल, तर मालकांना मशीनपाशी बोलवा. ऑर्डर कोणत्या देशात गेली, किती टॉवेल गेले, किती परत आले, हे त्यांनी स्वतः सांगावं. आमच्याकडे केसिंग ट्रकमध्ये चढली की पुढे ती कोणत्या शेतात पाणी ओढते हे ओतणाऱ्याला कधी कळायचं नाही. एकदा मी ते दाखवायला आठ जणांना पंप जोडणाऱ्या कारखान्यात नेलं होतं. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी गाणी म्हटली नाहीत, सगळे केसिंगबद्दलच बोलत होते.

आणि एक राहिलं. संक्रांतीला हळदीकुंकू करायचा विचार तुम्ही पत्राच्या कडेला लिहिलाय. सोलापूरच्या कारखान्यात पद्मशाली बायका असतात, मुसलमान बायका असतात, नवरा गेलेल्याही असतात. वाण सगळ्यांना द्या आणि कार्यक्रमाचं नाव असं ठेवा की कुणाला दारात अडखळावं लागणार नाही. स्टीलचा डबा देण्यापेक्षा त्यांना विचारा की काय हवंय. माझा अंदाज सांगतो : पाठ टेकायला खुर्ची, नाहीतर बाथरूमच्या दाराला धड कडी.

प्रश्न : मी चाकणला एका कंपनीत लाइनवर आहे. साहेबांनी कौतुक केलं की मला भीती वाटते. दर वेळी कौतुक झालं की दुसऱ्या दिवशी नवीन काम गळ्यात येतं. माझंच चुकतंय का?

उत्तर : नाही, तुझं चुकत नाही. तुझ्या साहेबांना मात्र कदाचित माहीतही नसेल ते काय करतात. चांगला माणूस दिसला की काम त्याच्याकडेच सरकवायचं, ही सवय मलाही होती. एका मोल्डरनं, म्हणजे साचे करणाऱ्यानं, मला तोंडावर सांगितलं, “शाबासकी नको साहेब, माझी पाठ आधीच दुखती.” तेव्हापासून मी स्वतःला नियम घातला : कुणाला शाबासकी दिली की पुढचे पंधरा दिवस त्याला जादा काही सांगायचं नाही. हा अंक साहेबांच्या टेबलावर ठेवता आला तर ठेव. नाहीतर पुढच्या वेळी हसून विचार, “साहेब, आता कोणतं काम कमी करू?” विचारणं उद्धटपणाचं नाही.

प्रश्न : एका खासगी रुग्णालयात मी इन्चार्ज सिस्टर आहे. १२ मेला, परिचारिका दिनाला, व्यवस्थापन आम्हाला गुलाब देतं आणि केक कापतं. त्याच आठवड्यात दोन मुलींच्या सुट्ट्या नाकारल्या गेल्या. पगार, रजा, बढती, काहीच माझ्या हातात नाही. मग माझ्या मुलींचं कौतुक मी कशानं करू?

उत्तर : या पत्राचं उत्तर माझं नाही. माझी पत्नी एकोणतीस वर्षं नर्स होती, त्यातली नऊ वर्षं इन्चार्ज. पत्र तिला वाचून दाखवलं. तिनं चष्मा काढून ठेवला आणि सांगत गेली. मी लिहून घेतलं.

“तिच्या हातात ड्यूटी लिस्ट आहे ना? मग पुष्कळ आहे. ओळीनं पाच नाइट ज्या मुलीनं केल्या, तिला सहाव्या दिवशी ऑफ आहे की नाही, हे तिनं स्वतः बघावं. ‘माणसं कमी आहेत’ हे खरंच असतं, पण ओढाताण दर वेळी त्याच दोघींच्या वाट्याला का येते, तेही बघावं. ज्या मुली नाही म्हणत नाहीत, त्यांनाच सगळ्या नाइट लागतात. मी सुरुवातीला हेच केलं.

“दुसरं, ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देणं. सकाळी ओव्हर घेताना सगळ्या असतात. तिथे सांगायचं : रात्री अडीचला सात नंबरच्या आजोबांच्या रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन उतरलं, मॉनिटर ओरडायच्या आधी हिनं त्यांच्या ओठांचा रंग बघून डॉक्टरांना उठवलं. एवढंच. टाळ्या नकोत. आणि राउंडला डॉक्टर ‘पेशंट बरा दिसतोय’ म्हणाले की त्यांनाही सांगायचं, रात्री कुणी ओळखलं ते. डॉक्टरांसमोर नाव घेतलं ना, की ती मुलगी पुढच्या वेळी रात्री फोन करायला घाबरत नाही. पेशंटच्या दृष्टीनं ते महत्त्वाचं आहे.

“तिसरं, चूक झाली तर बाजूला, औषधांच्या खोलीत घेऊन बोलायचं. कौतुक सगळ्यांसमोर आणि रागावणंही सगळ्यांसमोर, असं केलं तर कौतुक कुणी मनावर घेत नाही.

“गुलाब द्यायचं तर देऊ देत बापडे. त्या दोन मुलींच्या सुट्टीचं तिनं लेखी विचारावं, दोघींच्या नावानिशी, तारखेसकट. मिळो न मिळो. आपल्यासाठी कुणीतरी कागद दिला, हे मुलींना कळतं.”

मी विचारलं, तुझं कुणी असं केलं होतं का? ती म्हणाली, एका मेट्रननं, म्हणजे मुख्य परिचारिकेनं, केलं होतं, एकदा. आमच्या धाकट्याला टायफॉइड झाला होता तेव्हा तिची नाइट त्या मेट्रननं स्वतः केली होती, पन्नाशीच्या वयात. ती तारीख तिला अजून पाठ आहे.

मग तिनं मला थांबवून एक ओळ आणखी घालायला सांगितली. सिस्टर, तुमच्या पत्रात मुलींचा उल्लेख आहे, वॉर्डातल्या मदतनीस मावशी आणि मामांचा नाही. उद्या सकाळची ओव्हर होईल तेव्हा त्यांनाही पाच मिनिटं आत उभं करून घ्या. सात नंबरच्या आजोबांची चादर रात्री तीनदा कुणी बदलली, ते त्यांच्यासमोर सांगा.